घरच्या ध्वनिमुद्रिका आणि नवा रेकॉर्ड प्लेअर

निपाणीतील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे. आजोबांनी आणि त्यांच्यामागून वडिलांनी जमवलेल्या ध्वनिमुद्रिका तीत आहेत. तळाशी लाखेच्या, जड आणि ठिसूळ अशा ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आणि वर वडिलांच्या काळातील दहाबारा लाँग प्ले. गेल्या गणेशोत्सवात बंगळूरहून आलेल्या पुतण्याने ही ट्रंक खाली उतरवली. त्याच्याजवळ पेटीसारखा मिटणारा, देखणा असा एक नवा रेकॉर्ड प्लेअर होता. त्याने मोठ्या उत्साहाने वरचीच एक जुनी तबकडी त्यावर चढवली. ती होती गंगूबाई हनगल यांची, त्या ‘गांधारी’ या नावाने ओळखल्या जात त्या काळातील. सुई टेकली आणि घोगरा, खोल, ओढल्यासारखा स्वर खोलीत पसरला.

पुतण्या म्हणाला, “काय भारदस्त आवाज आहे, काका!” कोपऱ्यात वाती वळीत बसलेल्या आमच्या आत्यांनी मान वर केली आणि त्या म्हणाल्या, “अरे, ही बाई एवढ्या खाली गात नव्हती. तेव्हा तिचा आवाज बारीक होता. बंद कर ते.”

आत्यांचेच खरे होते. गंगूबाईंच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांतील आवाज उंच आणि पातळ आहे. ज्या धीरगंभीर स्वरासाठी त्या पुढे विख्यात झाल्या, तो घशाच्या उपचारांनंतरचा. पुतण्याच्या यंत्रावर ३३ आणि ४५ अशा दोनच गती होत्या. ७८ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांवर लावली की तीन मिनिटांचे गाणे सव्वापाच मिनिटे चालते आणि स्वर सप्तकाला थोडा कमी इतका खाली घसरतो. यंत्राने गाणे वाजवले हे खरे. परंतु ते त्या गायिकेचे गाणे नव्हते. आज मला आपणांशी बोलावयाचे आहे ते याच विषयावर. घरच्या ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐकावयाच्या तर यंत्र कोणते घ्यावे?

या प्रश्नाला हल्ली नव्याने महत्त्व आले आहे. अमेरिकेत २०२२ साली लाँग प्ले तबकड्यांची विक्री नगांच्या हिशेबाने सीडींच्या पुढे गेली. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. आपल्याकडेही मोठ्या शहरांतून नवी यंत्रे दुकानांत दिसू लागली आहेत. मात्र परदेशी जाहिरात ज्या गिऱ्हाइकासाठी लिहिलेली असते त्याच्याजवळ नव्या तबकड्या असतात. आपल्याजवळ आहे ती माळ्यावरची ट्रंक. म्हणून पहिला नियम असा की, यंत्र पाहण्याआधी ट्रंक पाहावी.

बेळगाव, निपाणी, खानापूर या टापूतील ट्रंकांत काय निघते, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. भारतात ग्रामोफोनची पहिली ध्वनिमुद्रणे १९०२ साली कलकत्त्यास झाली आणि काही वर्षांतच तेथील कारखान्यात तबकड्या निघू लागल्या. त्या आपल्या भागात आल्या तेव्हा येथील कान तयारच होता. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावी गावी झाला. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस स्थायिक झालेले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व हे कुंदगोळचे कन्नडभाषी गृहस्थ, पण मराठी रंगभूमीवर गाजले. धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांनी मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडून अल्लादिया खाँसाहेबांची गायकी घेतली. त्यामुळे आमच्या ट्रंकेत नाट्यपदाला लागून कन्नड वचनाची तबकडी निघते आणि त्यात आम्हांला काही विशेष वाटत नाही. १९५६ साली नकाशावर रेघ आखली गेली, तिचे दुःख या भागाने पुष्कळ भोगले. पण तबकडीवरील रेघेने दोन्ही भाषा शेजारी शेजारी सांभाळल्या, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

तेव्हा ट्रंकेतील तबकड्यांचे आधी दोन ढीग करावेत. हातात जड लागणाऱ्या, बहुधा दहा इंची, एका बाजूस साधारण तीन साडेतीन मिनिटे वाजणाऱ्या त्या लाखेच्या. लवचिक, बारा इंची, एका बाजूस वीसबावीस मिनिटे वाजणाऱ्या त्या व्हिनाइलच्या. लाँग प्ले अमेरिकेत १९४८ साली आली आणि ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी त्याच्या पुढच्या वर्षी. पहिला ढीग घरात असेल तर तीन गतींचेच यंत्र घ्यावे. नसेल तर दोन गती पुरेत. एवढा एकच प्रश्न आधी विचारला असता तर पुतण्याचे पैसे वाचले असते.

आता गतीविषयी थोडे अधिक. आपले संगीत षड्जावर उभे आहे. यंत्र शंभरात सहा फेऱ्या जलद फिरले की काळी चारचा गायक जवळजवळ पांढरी सहामध्ये गाऊ लागतो. आणि जुन्या तबकड्यांची गोष्ट आणखी निराळी आहे. त्यांना ७८ म्हणावयाचे, पण आरंभीच्या काळात ध्वनिमुद्रणाची गती सर्वत्र सारखी नसे. कोणी सत्तरच्या थोडे वर, कोणी ऐंशीच्या आसपास तबकडी फिरवी. म्हणून ज्यांच्याकडे लाखेच्या तबकड्या आहेत, त्यांनी गती किंचित कमीजास्त करता येणारा खटका असलेले यंत्र पसंत करावे. ज्या बेळगावाने रामभाऊ विजापुरे यांच्यासारखा संवादिनीचा तपस्वी पाहिला, तेथे घराघरांत पेटी असणे नवलाचे नाही. गायकाची पट्टी ठाऊक असेल तर पेटीचा स्वर धरून तबकडीची गती लावावी. यासारखे सोपे आणि आपल्या हातातले साधन दुसरे नाही.

लाँग प्लेची गती तपासण्यासाठी रेघांची एक कागदी चकती मिळते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तिच्यावर लुकलुकणारा निऑनचा दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो. त्या प्रकाशात ३३ फेऱ्यांसाठी चकतीवर १८० रेघा असाव्या लागतात. गती बरोबर असली की फिरत्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. अमेरिकेतील चकतीवर मात्र २१६ रेघा असतात, कारण तिकडची वीज ६० आवर्तनांची.

या ६० आणि ५० च्या फरकात एक मोठा खड्डा दडलेला आहे. परदेशी गेलेली मुले प्रेमाने तिकडचे जुने यंत्र घेऊन येतात. येथे ११० व्होल्टांसाठी ट्रान्सफॉर्मर लावला की काम झाले, अशी समजूत असते. पण ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, आवर्तने बदलत नाही. ज्या यंत्राची मोटर विजेच्या आवर्तनांवर चालते ते येथे सहा भागांऐवजी पाच भागच फिरते आणि गायकाचा षड्ज थेट मंद्र सप्तकातील शुद्ध धैवतावर जाऊन बसतो. अशा काही यंत्रांत ५० आवर्तनांसाठी वेगळी पुली बसवता येते. ती मिळत असल्याची खात्री करून मगच यंत्र आणावे. हल्लीची पुष्कळ यंत्रे लहान ॲडॉप्टरवरील डीसी मोटरीवर चालतात, त्यांना ही बाधा नाही.

दुसरी गोष्ट सुईची. लाखेच्या तबकडीची खाच रुंद, तर लाँग प्लेची तिच्या निम्म्याहूनही अरुंद. जुन्या तबकडीसाठी सुईच्या टोकाची गोलाई सुमारे ७५ मायक्रॉन लागते, लाँग प्लेसाठी १८ ते २५. लाँग प्लेची बारीक सुई लाखेच्या खाचेत घातली की ती भिंतींना नीट टेकत नाही. तळाशी जाऊन पन्नास वर्षांची धूळ तेवढी वाचते, आणि आपण म्हणतो की तबकडीच खराब झाली. उलट रुंद सुई लाँग प्लेवर ठेवणे म्हणजे तबकडीचा घात. म्हणून ज्याची सुई सहज काढता आणि बदलता येते, आणि ज्याच्यासाठी ७८ ची वेगळी सुई बाजारात मिळते, असेच कार्ट्रिज निवडावे. सुई हिऱ्याची असावी. ती साधारण ५०० ते १,००० तास चालते असे मानतात. नीलमण्याची सुई त्या मानाने फार लवकर झिजते, आणि झिजलेली सुई नुसती बेसूर वाजत नाही, ती खाच कापीत जाते.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. १९७० च्या सुमारास वडिलांनी कोल्हापूरहून एक लाँग प्ले आणली होती. ती वाजवण्याजोगे यंत्र घरात नव्हते. ते घेऊ तेव्हा ऐकू, म्हणून त्यांनी ती कपाटात ठेवली होती. मला धीर धरवला नाही. दुपारी सारे निजले असताना आजोबांच्या चावीच्या ग्रामोफोनवर मी ती लावली. त्याच्या साउंडबॉक्सचे वजन शंभर ग्रॅमहून अधिक, आणि सुई पोलादी. आवाज आला तो चिमण्यांच्या कलकलाटासारखा. आणि मी घाबरून सुई उचलली तेव्हा काळ्या तबकडीवर बोटभर रुंदीचा पांढुरका पट्टा उमटला होता. वडील रागावले नाहीत. त्यांनी ती पुन्हा पाकिटात घातली आणि पाकिटावर पेन्सिलीने तारीख लिहिली. ती तबकडी आजही त्या ट्रंकेत आहे. पुढे चांगले यंत्र आले, पण तिच्या पहिल्या बाजूचा आरंभ आमच्या घरात कोणी कधीच ऐकला नाही. खाचेतून एकदा खरवडलेला स्वर पुन्हा भरता येत नाही.

म्हणून तिसरी कसोटी वजनाची. सुई तबकडीवर किती भाराने टेकते हे विक्रेत्याला अवश्य विचारावे. चांगल्या यंत्रात हा भार साधारण दीड ते दोन ग्रॅम असतो आणि टोन आर्मच्या मागील वजन फिरवून तो कमीजास्त करता येतो. पेटीवजा स्वस्त यंत्रांत बहुधा सिरॅमिकचे कार्ट्रिज असते. त्याचा भार चार ते सहा ग्रॅमपर्यंत जातो आणि तो बदलण्याची सोय नसते. ग्रॅमदोन ग्रॅमचा हिशेब क्षुल्लक वाटेल. पण तो सारा भार सुईच्या अणकुचीदार टोकावर एकवटतो हे ध्यानात घ्यावे. आठवड्यातून एकदा गंमत म्हणून नवी तबकडी ऐकणाऱ्याला असे यंत्र चालेलही. ज्या तबकडीची दुसरी प्रत मिळणार नाही ती मात्र त्यावर ठेवू नये. आणखी एक पथ्य आहे. स्टीरिओ तबकडी १९५७-५८ च्या सुमारास आली; तिच्या खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे ध्वनी कोरलेले असतात आणि सुईला वरखालीही हलावे लागते. त्याआधीच्या ताठर मोनो कार्ट्रिजवर ती लावली तर खराब होते. उलट मोनो लाँग प्ले नव्या स्टीरिओ सुईवर खुशाल वाजवावी.

चौथा मुद्दा थाळी फिरवण्याच्या पद्धतीचा. काही यंत्रांत मोटरीचा फेर रबरी पट्ट्याने थाळीला मिळतो. मोटरीची थरथर पट्ट्यात जिरते आणि आवाज शांत राहतो; मात्र आपल्या उन्हाळ्यात आणि पावसात रबर सैल वा चिकट होते, तेव्हा पट्टा अधूनमधून बदलावा लागतो. दुसऱ्या प्रकारात मोटर थाळीच्या थेट खाली असते. १९७२ साली निघालेले टेक्निक्सचे एसएल-१२०० हे या प्रकारातील नामांकित यंत्र. गती पक्की, पट्ट्याची कटकट नाही. तिसरा, जुना प्रकार रबरी चाकाचा. १९५४ सालचे गॅरार्ड ३०१ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. जुने यंत्र घेणाऱ्याने आधी थाळी हाताने फिरवून पाहावी. ती निःशब्द आणि बराच वेळ फिरत राहिली पाहिजे, आणि तिचा आस जरासाही डुगडुगता कामा नये. हे बेळगावकरांना निराळे सांगावयास नको. ज्या गावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले आणि ज्याच्या उद्यमबागेत लेथवर बसणारा कारागीर बोटाच्या स्पर्शाने बेअरिंगचा दोष ओळखतो, त्या गावात चांगली थाळी ओळखणारा माणूस शेजारीच भेटेल. त्याला बरोबर घेऊन जावे. शेवटची परीक्षा मात्र कानाने करावी. तंबोऱ्याचा किंवा सनईचा लांबवलेला स्वर असलेली तबकडी लावावी. तो स्वर लाटेसारखा हेलकावला तर यंत्र कितीही चकचकीत असले तरी परत करावे.

पाचवी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. चुंबकी कार्ट्रिजमधून निघणारा विद्युत्-संकेत अवघा काही सहस्रांश व्होल्टांचा असतो. शिवाय तबकडी कोरताना खर्जाचा भाग मुद्दाम दबलेला आणि तारेचा उचललेला असतो. खर्जाच्या मोठ्या हेलकाव्यांना खाचेत जागा कमी पडते आणि सुईची खरखर तारेच्या अंगाला असते म्हणून. वाजवताना तो तोल पुन्हा सरळ करावा लागतो. लाँग प्लेसाठी त्याचे प्रमाण १९५४ च्या सुमारास ठरले. हे काम फोनो प्रीअँप्लिफायर करतो. तो यंत्रातच आहे, की ॲम्प्लिफायरमध्ये आहे, की वेगळा घ्यावा लागेल, हे विचारल्याशिवाय दुकानातून बाहेर पडू नये. तो नसला तर गाणे डासाच्या गुणगुणण्याइतके ऐकू येते आणि मनुष्य विनाकारण यंत्राला दोष देतो.

यंत्र घरी आल्यावर ते कोठे ठेवावे, यालाही महत्त्व आहे. लाकडी पाटणीच्या माडीवर कोणी चालले की सुई उडते. जुन्या घरातील दगडी कोनाडा किंवा भिंतीत बसवलेली कडप्प्याची फरशी ही सर्वांत उत्तम जागा. तिच्यावर गवंड्याची पाणसळ ठेवून यंत्र सपाट आहे की नाही ते पाहावे. ध्वनिक्षेपक त्याच फळीवर ठेवू नयेत. त्यांची थरथर सुईत शिरते आणि घुमू लागते.

तबकड्यांची निगाही आपल्या हवामानाप्रमाणे करावी लागते. बेळगावच्या आषाढश्रावणात चामड्याच्या वहाणेवर बुरशी चढते, तेथे कागदी पाकिटाची काय कथा! तबकड्या उभ्या ठेवाव्या, आडव्या रचू नयेत. आणि पावसाळा संपला की एकेक पाकीट उघडून पाहावे. निपाणीत तंबाखूची बारीक पूड हवेत असते. ती खाचेत बसते, तेव्हा झाकण असलेलेच यंत्र घ्यावे. व्हिनाइलची तबकडी ऊर्ध्वपातित पाणी आणि मऊ कापड यांनी पुसता येते. लाखेच्या तबकडीला मात्र स्पिरिट कधीही लावू नये. लाख त्यात विरघळते आणि तबकडी जन्माची वाया जाते.

एवढे सारे ऐकून कोणी विचारील की, मोबाइलवर हवे ते गाणे फुकट मिळत असताना हा खटाटोप कशासाठी? प्रश्न रास्त आहे. जे गाणे मोबाइलवर चांगले मिळते त्यासाठी यंत्र घेतलेच पाहिजे असा माझा आग्रह नाही. पण आपल्या भागातील कितीतरी ट्रंकांत अशा तबकड्या असतील की ज्या कोणी मोबाइलवर चढवलेल्याच नाहीत. त्या रद्दीवाल्याच्या काट्यावर जाण्याआधी एकदा तरी योग्य गतीने, योग्य सुईने वाजल्या पाहिजेत. आणि तेव्हाच त्यांची संगणकावर प्रतही करून ठेवली पाहिजे. चुकीच्या यंत्रावर केलेली प्रत चूकच पुढच्या पिढीच्या हाती देते. म्हणून पैसे बेताचेच असतील तर ब्लूटूथ, रंगीत दिवे आणि पेटीची नक्षी सोडावी. कार्ट्रिज, टोन आर्म आणि गतीचा खटका यांवर खर्च करावा.

आमच्या पुतण्याने ते सारे मनावर घेतले. पेटीचे यंत्र त्याने आपल्या नव्या तबकड्यांसाठी ठेवले आणि दिवाळीत तीन गतींचे, सुई बदलता येणारे, साधेसुधे दुसरे यंत्र आणले. कोनाड्यात ते बसवले, पाणसळ लावली, ७८ ची सुई चढवली. आत्यांनी पेटी पुढे ओढून एक स्वर धरला आणि डोळे मिटून म्हणाल्या, “थोडे वर घे. अजून जरा. हं, तिथेच राहू दे.” तीन मिनिटे तो पातळ, उंच, तेजस्वी आवाज माजघरात भरून राहिला. तबकडी संपली तरी कोणी सुई उचलायला उठले नाही. मग आत्या म्हणाल्या, “ही ती. आता ओळखली.”

श्रोतेहो, यंत्र निवडण्याची याहून निराळी कसोटी मला ठाऊक नाही. ज्याने ते गाणे पूर्वी ऐकले आहे असे एखादे माणूस अजून आपल्या घरात असेल. ते आहे तोवर ट्रंक खाली उतरवावी.